‘बसलो’ म्हटल्याशिवाय

टॉलबर्ट, युटा
८ सप्टेंबर १९९६

प्रिय थेन,

तुझा पत्ता लेओना मावशीने दिला. कशाला हवाय म्हणून तिने विचारलं, मी म्हटलं सहज. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सहज कुणी पत्र लिहीत नाही रे जेरम. सहज माणूस फोन करतो." तुझ्या ट्रेलरच्या घरात फोन नाही हे तिला ठाऊक आहे, पण बोलायची संधी ती सोडत नाही.

इकडे सगळं ठीक. ऑगस्टभर पाऊस येऊन-जाऊन होता. ओढ्याला लोंढा येऊन खालचा रस्ता वाहून गेला, ऑरिनने तो नीट केला, मग पुन्हा वाहून गेला आणि त्याने पुन्हा केला. दुकानात काम भरपूर आहे. शिकारीचा मोसम जवळ आला की अख्ख्या गावाला एकदम आठवतं की आपल्या बुटांचे तळ गेलेत. मालक आता फक्त खोगिरं बघतो. बूट सगळे माझ्याकडे.

तुझ्या भावाचे, ऑरिनचेही आले होते. उजव्या बुटाची चोच, बोटांपुढचं टोक, झिजून आरपार गेली होती, तळ मात्र शाबूत. मी नवं चामडं लावून दिलं. एवढंच.

लिहायचं कारण असं की आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला ‘बाही’त उतरणार आहोत, दरवर्षीसारखं. ऑरिन, त्याची व्हर्ला आणि मी. तुझ्याशिवाय ती घळ कशी उतरायची हे माझ्या डोक्यात बसत नाही. तू मला ओळखतोस. एकदा बांधलेली गाठ मी सोडून परत बांधतो आणि तरी रात्री अंथरुणात तिचाच विचार करतो.

गेल्या वर्षी जे झालं ते तुम्हा दोघा भावांमधलं. मी त्यात पडत नाही. माझं म्हणणं फक्त असं की त्याने पाण्यात खिळा फेकला, तुला नाही फेकलं. खाणीतून रजा मिळत असेल तर ये. नाही आलास तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण तसं लिहिलं की गळ घातल्यासारखं वाटतं.

मी पत्र लिहिलंय हे ऑरिनला माहीत नाही.

तुझा,
जेरम

ता. क. त्या बुटांना मी याच वसंतात तळ घातले होते. चोच इतक्या लवकर जात नाही.

•

टॉलबर्ट
२१ सप्टेंबर

प्रिय थेन,

तुझं पुडकं मिळालं. पोस्टातल्या बाईने ते कानाशी हलवलं आणि "घोड्याची नाल मागवलीस काय?" म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

मोज्यात खिळा, त्याची कडी, भोक पाडायची छिन्नी. चिठ्ठी नाही. मी मोजा उलटा करूनसुद्धा बघितला.

म्हणजे तू तेव्हा दोन विकत घेतले होतेस. गेल्या वर्षी मोठ्या उतारावर तू पहिला पिशवीतून काढलास आणि म्हणालास, "इथे एक ठोकून टाकू, म्हणजे कुणाला बसायला नको." मला वाटलं, तू आळस करतोयस. ऑरिनला तसंच वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला बरोबर कळलं. "माझ्या जागी खिळा आणलास होय?" असं तो म्हणाला तेव्हा त्याचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो. आणि मग तो खिळा खालच्या रांजणखळग्यात बुडाल्याचा आवाज आला. परतीच्या वाटेवर तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात ते माझ्यामार्फत. "त्याला सांग दोर ओला गुंडाळू नकोस." "त्याला म्हणावं, मला शिकवू नकोस." मी दोघांना सांगत होतो.

दगडात खिळा ठोकायचा नाही, दोराचा फास मागे ठेवायचा नाही, आपण येऊन गेलो हे दगडाला कळता कामा नये, हे तुमच्या वडिलांचं. मला ते पटतं. पण खिळा नको म्हटलं की माणसाला खिळा व्हावं लागतं. सगळ्यात वजनदार माणसाने वर बसायचं, दगडात टाचा रोवायच्या, दोर कमरेच्या पट्ट्याला. तो ‘बसलो’ म्हणाला की बाकीच्यांनी त्याच्या जिवावर एकेक करून उतरायचं. ‘बसलो’ म्हटल्याशिवाय कुणी कड्यावरून पाय काढायचा नाही. आणि मग त्याने दोर खाली टाकायचा आणि स्वतः दोराशिवाय यायचं, खालच्यांच्या हातांवर. हे मी तुला सांगतोय जसं काही तुला माहीतच नाही. कागदावर उतरवल्यावर किती वेड्यासारखं दिसतं, ते बघत होतो.

आता खरं लिहितो. व्हर्ला दुकानात आली होती. तिच्या हातात शिवायला काहीच नव्हतं.

"तू बघितलेस ना त्याचे बूट?"

"बघितले."

"मग?"

"मग शिवले."

"जेरम, मांजरासारखे डोळे मिटून घेऊ नकोस. मला सगळं दिसतंय की तुला दिसलंय."

त्याचं उजवं पाऊल उचलत नाही, थेन. घासत येतं. पाठीतून येणारी कुठलीशी नस मरत चाललीय म्हणे. डॉक्टरने त्याला एक लांबलचक नाव दिलंय, ते मला बिनचूक लिहिता येणार नाही म्हणून लिहीत नाही. रस्ता सपाट करायच्या यंत्रावर तो दोन्ही पायांचं काम डाव्याने करतो. "सरळ जातो तोवर ठीक," व्हर्ला म्हणाली. "वळतो तेव्हा मी खिडकीशी उभी राहून प्रार्थना म्हणते." बाहेर त्याने कुणाला सांगितलेलं नाही. तुला गेल्या वर्षीच दिसलं होतं, हे मला आता कळतंय.

"तू सांग त्याला," ती म्हणाली. "बसू नकोस म्हणावं."

"तू बायको आहेस."

"मी बोलले की तो माझ्या गालाचा मुका घेतो आणि बटाटे वाढ म्हणतो. तुझं ऐकेल."

"माझं आजवर कुणी ऐकलंय?"

"म्हणूनच तर. तू कधी काही म्हणतच नाहीस. एकदा म्हणालास तर दचकेल तरी."

मी म्हटलं, मग या वर्षी जाऊच नका. ती म्हणाली, तर तो एकटा जाईल. तो जाईल हे तुलाही माहीत आहे.

म्हणून आता सरळच मागतो. ये. त्याच्याखालोखाल वजन तुझं आहे. तू वर बसलास तर त्याला बसावं लागणार नाही, आणि माझ्या त्या बोलण्याची गरजही पडणार नाही. तुम्ही एकमेकांशी बोलायला हवंच असं नाही. मी मध्ये चालेन. मला सवय आहे. खरं तर त्या सवयीनेच दमलोय.

पहिल्या तारखेला दुपारी, डांबरी रस्ता सोडून वळतो तिथे, गुरं अडवायच्या जाळीपाशी.

जेरम

•

बाहीच्या कड्यावर
१ ऑक्टोबर

थेन,

तू आला नाहीस.

मी जाळीपाशी गाडी थांबवली आणि चाकातली हवा बघतो म्हटलं. चारही चाकं बघितली. सुटं चाकही खाली काढून बघितलं. व्हर्ला खिडकीतून म्हणाली, "आता स्टिअरिंगमध्येही भर थोडी." उत्तरेकडून एक धुळीचा लोट येत होता. जवळ आला तेव्हा गुरांचा ट्रक निघाला.

हे मी गाडीच्या मागच्या फळीवर बसून लिहितोय. ऊन उतरायला लागलंय, पलीकडचा कडा विटेसारखा झालाय. हे पत्र परत गेल्याशिवाय टाकता येणार नाही, म्हणजे उद्याचं काही बदलायला त्याचा उपयोग नाही. पण हात रिकामे राहिले की मी दोर उकलून पुन्हा गुंडाळतो, आणि ऑरिनने मगाशी दोर माझ्याकडून काढून घेतला.

त्याने निखाऱ्यावर लोखंडी भांड्यात बटाटे आणि खारवलेलं मांस लावलं होतं. व्हर्लाने पिशवीच्या तळातून, चर्चची मनाई असलेल्या कॉफीचा डबा काढला.

"बिशपला सांगितलंस तर जीभ कापीन," ती मला म्हणाली.

"बिशपनेच दिला असेल," ऑरिन म्हणाला. मग माझ्याकडे न बघता बटाटे हलवत, "कुणाची वाट बघतोयस रे बारक्या? जाळीपासून मान वळवून वळवून तुझा गळा पिळला गेलाय."

"कुणाची नाही."

"तो येणार नाही."

लेओना मावशीकडे पत्ता मागायचा म्हणजे चर्चच्या सूचना-फळ्यावर चिठ्ठी लावायची, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

"काय लिहिलंस?"

"येतोस का म्हणून."

"आणि तो काय म्हणाला?"

"काहीच म्हणाला नाही."

हे खोटं नव्हतं. तू काहीच म्हणाला नाहीस. तुझा मोजा माझ्या पिशवीच्या तळाशी आहे आणि त्याच्याशेजारी दुकानातली हातोडी. हातोडी का घेतली ते मला विचारू नकोस. ठोकायचा माझा विचार नाही. न ठोकायचाही नाही.

जेवताना मी प्रयत्न केला. व्हर्ला माझ्याकडे बघत होती, म्हणून केला.

"ऑरिन, तुझा पाय..."

"पायाचं काय?"

"बूट लागत नाही ना?"

"झकास शिवलायस. पायात काही आहे असं वाटतच नाही." आणि हसला. व्हर्लाने चमचा ताटात असा टाकला की बटाटा उडून वाळूत पडला.

तो उठून भांडं घासायला वाळू आणायला गेला तेव्हा मी त्याच्या पायाच्या खुणा बघितल्या. डाव्याचा ठसा, आणि उजव्याचा ठसा नाही, ओरखडा. एक ठसा, एक ओरखडा, पार कड्यापर्यंत. त्यालाही मागे वळल्यावर दिसलं असणार, कारण परत येताना तो दगडावरून आला.

आकाश निरभ्र आहे. पाण्याच्या लोंढ्याची भीती नाही. एवढी एक भीती तरी कमी.

जेरम

•

टॉलबर्ट
५ ऑक्टोबर

प्रिय थेन,

सगळे जिवंत आहोत. हे आधीच सांगतो, कारण मी स्वतः पत्राची शेवटची ओळ आधी बघतो. ऑरिनची एक बरगडी मोडलीय. ती माझ्यामुळे. आता सविस्तर.

पहिल्या लहान उतारावर तो बसला आणि काही झालं नाही. दुसऱ्यावर मी दोरावर असताना एकदम वीतभर खाली आलो. फक्त वीतभर, पण दोर ताणलेला असताना वीतभर खाली यायला काही कारण नसतं. वरून कुणी काही बोललं नाही. मीही खालून काही विचारलं नाही. मग व्हर्ला आली, मग तो, हातांच्या जोरावर, उजवा पाय मागून पोत्यासारखा ओढत. आम्ही त्याला धरलं. तो हसत होता आणि त्याचा चेहरा राखेसारखा होता. तिथून मागे फिरता येत नाही हे तुला माहीत आहे. दोर खाली आला की वरची वाट संपली.

तिथून मोठ्या उतारापर्यंतच्या वाटेत आम्ही फारच कमी बोललो. भिंती खांद्यांना घासत होत्या, पाणी घोट्यापर्यंत आणि हाडात शिरणारं. मी पुढे, व्हर्ला मध्ये, तो मागे. मागून पाण्यातून त्याचा पाय येताना ऐकू येत होता. ऐकू येऊ नये म्हणून मी मुद्दाम पाणी उडवत चाललो.

मोठ्या उतारावर दगडाच्या त्या रुंद फळीवर आम्ही डबाबंद पीच खाल्ले. नेहमीची जागा, नेहमीचे पीच. त्याने डब्यातला रस प्यायला, तोंड पुसलं, आणि बसला. दोर कमरेला लावला. डावी टाच खोबणीत गेली. उजवा पाय त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि दुसऱ्या खोबणीत ठेवला. फळीवर बरणी ठेवावी तसा.

"बसलो," तो म्हणाला.

व्हर्ला कड्याशी दोर हातात घेऊन उभी होती. ती हलली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. माझा हात पिशवीत होता, मोज्यावर. मोज्यातून खिळ्याचं टोक लागत होतं. मी तो बाहेर काढला नाही. यात काही थोरपणा नाही, थेन. मला कड्यापेक्षा ऑरिनची जास्त भीती वाटली.

मी म्हटलं, "ऑरिन, ऊठ."

"काय?"

"ऊठ. तू बसलेला नाहीस."

"मी ‘बसलो’ म्हणालो ना?"

"म्हणालास. पण उजवा पाय तिथे ठेवलेला आहे. रोवलेला नाही. मगाशी मी वीतभर खाली आलो."

"बूट शिवता शिवता तुला आतला पायही कळायला लागला होय?"

"हो."

"मग बसणार कोण? तू? ओल्या मांजराएवढं वजन तुझं. मी लटकलो की तू उडून माझ्या टाळक्यावर येशील."

"एकटा नाही. व्हर्ला माझ्या मागे बसेल, मला धरून. आधी तू उतर. मग मी तिला उतरवतो."

"आणि शेवटचा?"

"मी."

त्याने व्हर्लाकडे बघितलं. "तुमचं आधीच ठरलं होतं हे?"

"नाही रे म्हाताऱ्या," ती म्हणाली. "त्याचं तोंड बघ. ठरवून आला असता तर असा पांढराफटक पडला असता का?"

तो उठला नाही. वर आकाशाची रेघ तेवढी दिसत होती, त्यातून एक डोमकावळा या टोकाकडून त्या टोकाला गेला. मला वाटलं, झालं, आता माझाही थेन झाला. पुढच्या वर्षी तिसरा कोणीतरी लेओना मावशीकडे माझा पत्ता मागायला जाईल.

"माझा बाप बसायचा इथे," ऑरिन म्हणाला.

"ठाऊक आहे," व्हर्ला म्हणाली. "आणि मग?"

"मग मी बसायला लागलो."

"मधे काय झालं? तो आपणहून उठला?"

ऑरिनने आपल्या उजव्या बुटाकडे बघितलं. "त्याचे गुडघे गेले होते," तो म्हणाला. "कुणाला कळत नाही असं त्याला वाटायचं."

"मग त्याला कुणी सांगितलं?"

"मी."

"काय म्हणालास?"

"ऊठ म्हणालो."

"आणि उठला?"

"शिव्या देत," ऑरिन म्हणाला. आणि मग त्याने कमरेचा दोर सोडला आणि भिंतीला धरून उठला. शिव्या देत. त्या मी इथे लिहीत नाही, तुला त्या सगळ्या येतात. पण पहिली मला होती आणि बाकीच्या पायाला.

मी बसलो. दोन्ही टाचा खोबणीत रोवल्या, मग काढल्या, मग परत रोवल्या. व्हर्ला मागे बसली, पाय माझ्या दोन्ही बाजूंनी टाकून, माझा पट्टा दोन्ही मुठींत. तिच्या तोंडाला कॉफीचा वास येत होता. ऑरिन कड्याशी पाठमोरा उभा राहिला, आणि तसाच थांबला. का थांबला ते मला कळेना.

"म्हण की," तो म्हणाला.

"काय?"

"अरे, तू म्हटल्याशिवाय मी पाय कसा काढू?"

मी कधी म्हटलंच नव्हतं ते. मी म्हटलं, "बसलो," आणि आवाज असा आला की व्हर्ला मागून म्हणाली, "आम्ही दोघं बसलोय, ऑरिन. त्याच्या आवाजाकडे लक्ष देऊ नकोस."

माणसाचं वजन हळूहळू येईल असं मला वाटलं होतं. तसं येत नाही. तो कड्यावरून मागे झुकला आणि सगळंच्या सगळं एकदम कमरेत उतरलं. मला वाटलं, आपले दोन तुकडे होणार, वरचा इथे राहणार आणि खालचा त्याच्याबरोबर जाणार. इतकी वर्षं तो आम्हा सगळ्यांना असं धरून असायचा आणि वर बसल्या बसल्या विनोद सांगायचा. मला श्वाससुद्धा घेता येत नव्हता. व्हर्ला माझ्या मानेत तोंड खुपसून काहीतरी पुटपुटत होती. प्रार्थना असेल, किंवा त्याच शिव्या.

मग दोर सैल झाला. मग ती उतरली. तिचं वजन त्यामानाने काहीच नव्हतं.

मग मी एकटा. दोर खाली टाकला. तो खाली पडल्याचा आवाज ऐकला आणि वाटलं, आता मागे आणि खाली दोन्हीकडे काही नाही. तुम्ही दोघांनी हे बघितलं असतं तर हसला असतात, पण मी तिथे बुटांच्या नाड्या सोडून परत बांधल्या.

वरचा भाग तुला माहीत आहे. पाठ एका भिंतीला, पाय दुसरीला, इंचाइंचाने खाली सरकायचं. ते मी केलं. मग भिंती घंटेसारख्या खाली रुंद होत जातात ती जागा आली. तिथून पुढे पाय पुरत नाहीत, सोडून द्यावं लागतं. मी मांड्यांच्या जोरावर अडकून राहिलो आणि खाली बघितलं. व्हर्ला दोन्ही हात वर करून उभी होती. ऑरिन दिसेना.

"ऑरिन कुठाय?"

"थांब जरा!"

"थांबवत नाहीये!"

पाण्यात कोणीतरी पडल्याचा आवाज झाला. मग परत एकदा. तो माझ्या खाली उभा राहायचा प्रयत्न करत होता आणि तळची वाळू त्याचा तो पाय धरत नव्हती. मला ते दिसत नव्हतं, पण कळत होतं. मी म्हटलं, व्हर्ला, तू एकटीच झेल. ती म्हणाली, गप्प बस. मी म्हटलं, मी सुटतोय. ती ओरडली, "ऑरिन!"

आणि मग खालून आवाज आला.

"बसलो!"

तो पाण्यात बसला होता. उभं राहता येत नाही म्हटल्यावर त्या बर्फासारख्या पाण्यात बूड नीट टेकवून बसला होता, छातीपर्यंत पाणी, पाठ एका भिंतीला, डावा पाय समोरच्या दगडाला रोवलेला, हात पसरलेले, माझ्या बरोब्बर खाली. खालून ‘बसलो’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तूही नसशील. तो आवाज वर बसून म्हणायचा तसाच होता, अगदी तोच.

मी सोडून दिलं.

व्हर्लाचे हात लागले, मग मी त्याच्या छातीवर आदळलो, मग आम्ही दोघं पाण्याखाली. व्हर्लाने मला केसांना धरून वर काढलं आणि त्याला कॉलरला. तो खोकत होता, पोटातलं पाणी काढत होता. पहिलं काय म्हणाला असेल?

"मांजर कसलं," तो म्हणाला, "वासरू आहेस तू." मग बरगडीला हात लावून कळवळला.

पुढचं लिहिण्यासारखं काही नाही. उरलेली वाट आम्ही त्याला मध्ये घेऊन आलो, त्याचा एक हात माझ्या खांद्यावर, एक तिच्या. ओरखडा तेवढा एकच राहिला वाळूत, पण आजूबाजूला आमचेच इतके ठसे होते की तो ओळखू येत नव्हता. कुणी जिंकल्यासारखं बोललं नाही. आम्हाला थंडी वाजत होती आणि भूक लागली होती आणि सगळ्यांना आपापल्या घरी जायचं होतं. मी इतका दमलोय, थेन, की दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना कठडा धरतो. पण हे दमणं गेल्या वर्षासारखं नाही. कुठल्या तरी एका जागी दुखतंय, सगळीकडे नाही.

गाडीपाशी आल्यावर ऑरिनने कोरडा शर्ट शोधायला माझी पिशवी उपसली. मोजा त्याच्या हाती लागला.

"हा आईने विणलेला आहे," तो म्हणाला. मग त्याने तो उलगडला.

मी आवाजाची वाट बघत राहिलो. पण तिथे फेकायला पाणी नव्हतं, आणि त्याने फेकलाही नाही. खिळा तळहातावर घेऊन वजन बघितलं.

"हातोडी?"

"आणली होती."

"मग ठोकला का नाहीस?"

"तुझी भीती वाटली."

तो हसला, आणि हसल्याबरोबर बरगडी धरून वाकला. व्हर्ला म्हणाली, "हसू नकोस रे! एका भावाची जीभ मोडलेली, एकाची बरगडी. तुमच्या आईने तुमच्याऐवजी दुसरं काही विणलं असतं तर बरं झालं असतं."

काल तो दुकानात आला. आता काठी घेतो. स्वतः कापलीय, जुनिपरच्या फांदीची, वाकडी. बूट काढून माझ्यासमोर ठेवला. चोच पुन्हा गेली होती. मग खिशातून खिळा काढून ठेवला.

"हे त्याला परत पाठव. मोजा मी ठेवतोय, माझा त्यातला एक कधीचा हरवलाय."

"सोबत काय लिहू?"

तो काठीच्या टोकाने जमिनीवरचे चामड्याचे तुकडे गोळा करत राहिला. मी बुटात साचा घातला. घाई केली नाही.

"लिही की पुढच्या वर्षी वर कोण बसणार ते ठरलेलं नाही. बारक्याला एकट्याला झेपायचं नाही."

मी लिहून घेतलं.

"लिही की तू बसणार की हा ठोकणार ते तूच ठरव. स्वतः घेऊन ये म्हणावं. पोस्टाने नको." मग त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "दोन्ही चालेल म्हणावं."

मी तेही लिहिलं.

तो उठला, दारापर्यंत गेला, काठी, मग पाय, काठी, मग पाय. दारातून वळून म्हणाला, "ते शेवटचं खोड. ‘दोन्ही चालेल’ ते."

मी हो म्हटलं.

खिळा या पाकिटात आहे. ते वाक्य मी खोडलेलं नाही.

जेरम